कोकणात पक्षी बघायचे तर आधी तिथी बघा

मला बरेच जण विचारतात की कोकणात पक्षी बघायला कुठे जाऊ, कुठला स्पॉट चांगला, आणि माझं उत्तर नेहमी एकच असतं की बाबा रे जागा नंतर बघू, आधी वेळ ठरव. जागेचं काय, बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत कुठल्याही खाडीच्या तोंडाशी उभं राहिलात तरी पक्षी आहेतच, पण तिथेच भलत्या वेळी गेलात तर चार कावळे आणि एक बगळा बघून परत याल आणि म्हणाल की इथे काहीच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की भरती कधी आहे आणि कुठलं झाड फुललंय किंवा फळलंय या दोन गोष्टी माहीत असल्या की पक्ष्यांच्या मागे धावावं लागत नाही, आधी जाऊन त्या जागी बसायचं, ते येतात. खाली जे लिहितोय ते याच दोन गोष्टींभोवती आहे. मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि ज्यांचं घरच खाडीला लागून आहे त्यांना तर जास्तच.

आधी भरतीचं बघू. हल्ली मोबाईलवर टाइड टेबल मिळतं, ते वापरा, पण आपल्याकडचा जुना हिशोब इतका सोपा आहे की मी अजून तोच वापरतो. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिचा पाऊणपट करायचा, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात, म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दक्षिणेला मालवणकडे मुंबईपेक्षा जरा लवकर भरतं, आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच खाली जातं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीला, फरक कमी असतो. कुठल्याही मासेमारी करणाऱ्या घरात विचारा, पाठ असतं.

आता याचा पक्ष्यांशी संबंध काय तो सांगतो. ओहोटीला खाडीचा चिखल आणि पुळण मैलभर उघडी पडते आणि सगळे किनारपक्षी त्या चिखलातले किडे, शिंपले, कुर्ल्या खायला लांब लांब पसरतात, तुम्हाला फक्त ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की तो चिखल पाण्याखाली जातो, खायची जागा कमी कमी होते आणि पाणीच त्या पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. शेवटी भरपूर पाणी भरलं की सगळे एखाद्या उंचवट्यावर, वाळूच्या दांड्यावर नाहीतर खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावर दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचायचं आणि भरती होईपर्यंत हलायचं नाही. मी तर म्हणेन की नवीन माणसाने पहिल्या सिझनला एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुरे.

दुसरं उन्हाचं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं, पिसाचा रंग न् रंग दिसतो, आणि संध्याकाळी तेच ऊन डोळ्यात, सगळे पक्षी काळे. सूर्यास्त बघायला संध्याकाळी जा, पक्षी बघायला सकाळी. मग तिथी आणि ऊन दोन्ही जुळवलं तर काय उरतं, एकादशी ते चतुर्दशी. या दिवसांत भरती सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, तुम्ही उजाडताना किंवा त्यानंतर थोड्या वेळाने जाऊन बसू शकता आणि पाणी व ऊन दोन्ही तुमच्या बाजूने. ऑक्टोबर ते मार्चमधल्या प्रत्येक महिन्यात असे दोन वेळा तीन-चार दिवस मिळतात, सुट्टी टाकायची असेल तर त्यात टाका.

पोचल्यावर कसं बसायचं हे पण सांगतो कारण इथेच सगळे घाई करतात. भडक टीशर्ट नको, मातकट किंवा करडा चालेल. थव्याच्या दिशेने सरळ चालत जायचं नाही, तिरपं तिरपं, थांबत थांबत, आणि पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तिथेच खाली बसायचं. मान वर म्हणजे ते आता उडायच्या बेतात आहेत. एकदा तुम्ही सुरूच्या बुंध्याला किंवा ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसलात की वीस-पंचवीस मिनिटांत ते तुम्हाला विसरतात आणि मग स्वतःहून जवळ येतात, कधीकधी इतके जवळ की दुर्बिणीची गरज लागत नाही. हे पक्षी लडाख-तिबेट, सायबेरिया, काही तर पार आर्क्टिकपासून उडत आलेले असतात, इथे खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि एप्रिलला परत जायचं, तेव्हा त्यांचा थवा फोटोसाठी मुद्दाम उडवणं मला अजिबात सहन होत नाही. बीचवर गाड्या घालणारे, कुत्रा मोकळा सोडणारे, पोरांना थव्यात पळायला लावून व्हिडिओ काढणारे, यांना मी जाऊन नीट शब्दात सांगतो, तुम्ही पण सांगा. बहुतेकांना खरंच माहीत नसतं, कळलं की ऐकतात.

ओळखायचं कसं. सुरुवातीला सगळे चिखलाच्या रंगाचे सारखेच दिसतात आणि माणूस पुस्तक मिटून ठेवतो. तेव्हा रंग बघूच नका, खायची पद्धत बघा. चिखल्या पक्ष्यांची चोच आखूड, डोळे मोठे, ते चार पावलं पळतात, थबकतात, टोच मारतात, परत पळतात, थबकतात. तुतवारांची चोच बारीक आणि लांब, ते थांबतच नाहीत, चालता चालता शिवणाच्या मशीनसारखी चोच चिखलात घालत जातात. हे एक कळलं की निम्मं काम झालं. लाटेच्या अगदी काठाने, लाट आली की मागे आणि गेली की तिच्या मागोमाग पुढे असे पांढरेशुभ्र छोटे पक्षी धावताना दिसले तर ते सँडरलिंग, त्यांना मागचं बोटच नसतं, तीन बोटांवर धावतात. बाकदार खाली वळलेली भलीमोठी चोच असेल तर कर्ल्यू नाहीतर व्हिंब्रेल, कर्ल्यूची चोच डोक्याच्या तिप्पट लांब आणि व्हिंब्रेलची त्यापेक्षा बरीच आखूड, शिवाय व्हिंब्रेलच्या डोक्यावर पट्टे. कर्ल्यूला कुर्ली खाताना जरूर बघा. चोचीच्या टोकात धरून तो तिला झटके देत राहतो, एकेक नांगी, एकेक पाय गळून पडतो, आणि उरलेला गोळा चोचीच्या टोकापासून घशापर्यंत उडवत उडवत नेतो, एवढ्या लांब चोचीत ते काम सोपं नाही आणि मध्येच सीगलने झडप घातली तर सगळी मेहनत वाया. काळा-पांढरा अंग आणि गाजरासारखी लाल-केशरी चोच म्हणजे कालवफोड्या, खडकाळ किनाऱ्यावर बघा. आणि खडकावर एकटाच उभा असलेला राखाडी-काळा बगळा दिसला तर तो समुद्र बगळा, त्याचाच पांढरा अवतारही असतो, दोघे शेजारी शेजारी मासे मारताना दिसले तर वेगळ्या जाती समजू नका.

सीगल म्हणजे कुरव, हे सगळ्यांना आवडतात. अलिबागजवळचा आक्षीचा किनारा त्यासाठी चांगला आहे. थंडीत त्यांच्या डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका असतो, मार्चच्या सुमारास डोकं गडद होऊ लागतं, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा वेगळा ओळखायचा तर पंखाचं टोक बघा, तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका उडताना स्पष्ट दिसतो. कृपा करून मांडव्याच्या लाँचवर त्यांना चिप्स आणि गाठ्या टाकू नका. तळलेलं, मीठ लावलेलं ते त्यांचं अन्न नाही, आणि मासे पकडायचे सोडून लाँचच्या मागे लागायची सवय त्यांना आपणच लावतो. त्यापेक्षा हर्णेच्या बंदरावर लिलावाच्या वेळी जा, किंवा मालवण-आचऱ्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तिथे बाजूला उभे रहा. रापण किनाऱ्याला लागायला लागली की कुरव, सुरय, ब्राह्मणी घारी, बगळे असे सगळे गोळा होतात आणि त्यांची आपापसातली मारामारी अर्धा तास बघत राहावं अशी असते. ओढणाऱ्यांच्या वाटेत मात्र यायचं नाही, त्यांचं पोट त्यावर आहे, जमलं तर दोरीला हात लावा, मग कुठे कुठला पक्षी बसतो हे तेच सांगतात.

काकण बघितल्याशिवाय मात्र कोकण सोडू नका. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. लोक ब्राह्मणी घारीलाच गरुड समजतात, तिचं डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी. काकण तिच्यापेक्षा खूप मोठा, पाठ राखाडी, पोट पांढरं, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, आणि तरंगताना पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरतो, लांबून ओळखायची हीच खूण. तो समुद्रातून मासे आणि समुद्री साप उचलतो. घरटं किनाऱ्याजवळच्या उंच आंब्यावर, सुरूवर, काड्यांचा प्रचंड ढीग, आणि तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, दरवर्षी काड्या वाढवत. म्हणून ते झाड तोडलं की एका सिझनचं नाही, पुढच्या कित्येक वर्षांचं नुकसान होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या गरुडांवर काम केलंय, वेळासची कासवं ज्यांनी जगासमोर आणली तीच ही संस्था. तुमच्या गावात काकणाचं घरटं असेल तर झाडाच्या मालकाला त्याची किंमत समजावून सांगा, हे काम बाहेरच्या माणसापेक्षा गावचाच माणूस चांगलं करतो.

दुर्बिणीबद्दल थोडं. आठ बाय बेचाळीस घ्या, आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, भिंग मोठं तर उजेड जास्त. जास्त पट मिळतंय म्हणून वीस-तीसची घेऊ नका, हातात थरथरते आणि काही दिसत नाही. आणल्यावर आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या, हे दुकानदार सांगत नाही. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा, ती कडी कुठे आली ते लक्षात ठेवा, नंतर फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर रबरी कप खाली करा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्याला आणा, खाली बघून दुर्बीण लावून परत शोधत बसलात तर तो गेलेला असतो. खारी हवा भिंगाची दुश्मन आहे. घरी आल्यावर आधी फुंकून किंवा ब्रशने वाळू काढा, मग ओलसर मऊ कपड्याने मीठ पुसा, वाळू असताना घासलंत तर ओरखडे कायमचे. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात नको, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

आता झाडांकडे येतो, आणि यासाठी समुद्रावर पण जायला नको, परसात खुर्ची टाकली तरी चालतं. जानेवारी ते मार्च सावर, पांगारा, पळस फुलतात. पानं गळलेली, फुलं लाल, आणि फुलात रस, असं झाड सकाळी सात ते नऊ सोडूच नका. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, भोरड्यांचे थवे, सगळे येऊन जातात आणि पानं नसल्यामुळे लपायला जागा नाही. वड, उंबर, नांद्रुक फळले की कुटुर्गा, तांबट, हळद्या, कोकीळ आणि हरियाल. हरियाल आपला राज्यपक्षी, पण पिवळा-हिरवा असल्यामुळे पानात असा मिसळतो की फळ खाली पडताना दिसतं आणि पक्षी दिसत नाही. म्हणून पडणाऱ्या फळावरून वर नजर न्यायची.

सगळ्यात जवळून बघायला मिळणारा आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा म्हणजे फुलटोच्या. अंगठ्याएवढा, मातकट, सारखं टिक टिक टिक चाललेलं. तुमच्या आंब्यावर किंवा चिकूवर बांडगूळ असेल तर तो तिथे असणारच. बांडगुळाचं पिकलेलं फळ तो गिळतो, आतली बी चिकट, ती शिटेतून बाहेर येताना सुटत नाही, मग तो फांदीवर आडवा होऊन बूड घासतो आणि बी तिथेच चिकटते, पुढे तिथे नवीन बांडगूळ. बागायतदार त्यामुळे वैतागतात आणि ते मला समजतं, बांडगूळ वाढलं की फांदी वाळते. पण फुलटोच्याच बांडगुळाच्या फुलांचं परागीभवन पण करतो आणि किडे-कोळीही खातो, तेव्हा फांदी छाटा, बागेतलं एखाद-दुसरं जुनं बांडगूळ राहू द्या, असं माझं मत.

आणि धनेश. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काळा-पांढरा मलबारी धनेश आहे, काही ठिकाणी ककणेर म्हणतात, मालवणी मुलखात बरेच लोक त्यालाच गरूड म्हणतात, त्यामुळे विचारताना तिथलं नाव वापरा आणि हाताने चोच दाखवा. राया-देवरायांमधली जुनी ढोलीची झाडं त्यांना लागतात, फळलेला वड आणि काजरा लागतो. मला एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं होतं, "सकाळीच येवक् होया, ऊन चढला काय गरूड गावाचो नाय," म्हणजे ऊन चढलं की तो सापडायचा नाही, आणि ते शंभर टक्के खरं आहे, उजाडताना त्यांच्या पंखांचा फस फस आवाज आधी येतो. फेब्रुवारीनंतर मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून फक्त चिरेएवढी फट ठेवते, आणि तिचं व पिल्लांचं सगळं खाणं एकटा नर आणतो. आता विचार करा, आपण खाली कॅमेरे लावून घोळका करून उभे राहिलो आणि नर घाबरून आलाच नाही तर आत उपाशी कोण राहतं. धनेशाचं घरटं सापडलं तर लांबून एकदा बघा, निघून या, आणि लोकेशन कुणालाही पाठवू नका. मित्राला पण नको.

कुणाच्याही वाडीत किंवा बागेत शिरण्याआधी हाक मारायची, ही सवय लावून घ्या. आंब्याच्या दिवसात गळ्यात दुर्बीण अडकवून अनोळखी माणूस कलमांत फिरताना दिसला तर मालक विचारणारच. "काका, पक्षी बघायला आलोय, जरा आत येऊ का?" एवढं म्हटलं की झालं, निम्म्या वेळा चहा मिळतो आणि घुबड कुठल्या फणसावर बसतं हे पण कळतं. देवराईत चप्पल काढायची पद्धत असेल तर काढा, तिथले नियम पाळल्यामुळेच ती झाडं उभी आहेत.

पावसाळ्यात पक्षी नसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी जूनमध्ये एकदा तरी गावी यावं. मे संपता संपता नवरंग येतो, पहाटे आणि दिवेलागणीला त्याची दोन सुरांची शीळ ऐका, आवाज आला की झाडाच्या वर नाही, खाली पाचोळ्यात शोधा, तो जमिनीवर उड्या मारत किडे खातो. दमलेला नवरंग कधी घरात शिरतो, पंखा बंद करा, दारं उघडी ठेवा, जातो आपला. त्याच सुमारास तिबोटी खंड्या येतो, रायगडचा जिल्हापक्षी, चिमणीपेक्षा लहान आणि अंगावर सगळे रंग. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या बांधात बिळ करून घरटं करतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, छोटे खेकडे आणून घालतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात त्याला बघायला लोक येतात. या पक्ष्यासाठी माझा एकच हट्ट आहे, मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय, तो पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो, आणि हे दिवसात दहा ग्रुपनी केलं तर त्या घरट्याचं काय होणार.

पण पावसाळ्यात एकच काहीतरी बघायचं असेल तर मी सुगरण सांगेन. भात लावणी झाली की विहिरीवर झुकलेल्या माडाला किंवा शिंदीला खोपे लटकायला लागतात, नराचं डोकं पिवळंधमक होतं, आणि दोन-तीन आठवडे तिथे रोज अर्धा तास बसलात तर सगळी गोष्ट समोर घडते. नर माडाच्या झावळीच्या आणि भाताच्या पातीच्या बारीक पट्ट्या फाडून आणतो, आधी गाठ, मग कडी, मग शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा, आणि तिथे थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून बघतात. पसंत पडला तरच मादी आत राहते आणि नर खालची नळी पूर्ण करतो, नाही पडला तर तो अर्धा खोपा तसाच सोडून देतो. आणि एक जोडी जमली की हाच नर शेजारी दुसरा खोपा बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं नीट बघून पहिल्यांदा समजावून सांगितलं ते डॉ. सालिम अली यांनी, आणि कुठे, तर अलिबागजवळच्या किहीमला, 1930 च्या सुमारास ते तिथे राहत होते तेव्हा. जगभर नावाजलेलं ते काम आपल्या कोकणातल्या एका गावात रोज बसून बघण्यातून झालंय, हे मला फार मोठं वाटतं. तुमच्या विहिरीवरही तेच चालू आहे.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जाणार असाल तर थोडक्यात सांगतो. टिटवी, चंडोल, रातवा हे जमिनीवर अंडी घालतात आणि कातळाच्या खड्यांत ती दिसतच नाहीत, म्हणून मार्चनंतर वाट सोडून चालू नका, टिटवी डोक्यावर ओरडायला लागली तर आल्या पावली मागे फिरा. बूट घाला, फुरसं असतं. खाडीतही चप्पल नको, कालवं पाय कापतात, आणि वाळूच्या दांड्यावर गेलात तर भरतीचं पाणी मागून भरतं हे लक्षात ठेवा, पुढचे पक्षी बघता बघता परतीची वाट बुडते.

नोंदी ठेवा. वही आणि पेन्सिल, पेन पावसात फुटतं. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा, कुठलं झाड फुललं होतं, आणि मग पक्षी. एक वर्ष लिहिलंत की तुमच्या गावाचं स्वतःचं कॅलेंडर तयार होतं, कोतवालाची पोरं कधी उडाली, पहिला सीगल कधी आला, आणि ते कुठल्याही पुस्तकात नसतं. घरी येऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे कोकणातल्या खेड्यांच्या नोंदी अजून खूप कमी आहेत, जिथे शहरातले लोक पोचतात तेवढेच ठिपके दिसतात. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं, शिकायला चांगलं आहे, पण ॲपने म्हटलं म्हणून नोंद करू नका, पक्षी डोळ्याने दिसू दे. शाळेतली मुलं असतील तर 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह आहे, वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, त्यात त्यांना एका सकाळी खाडीवर न्या. दहा पक्ष्यांपासून सुरू करा, कावळा आणि डोमकावळा यांच्यातला फरक, दयाळ, भारद्वाज, खंड्या, वंचक, घार, एवढे नीट आले की पुढचे भराभर येतात.

शेवटचं, जून-जुलैच्या वादळानंतर किनाऱ्यावर फेरी मारलीत तर कधी एखादा अनोळखी मोठा पक्षी वाळूत बसलेला सापडेल, मास्क्ड बूबी, सूटी टर्न, असे भर समुद्रात राहणारे पक्षी वाऱ्याने थकून किनाऱ्याला लागतात. त्याला परत पाण्यात ढकलू नका, तो दमलाय म्हणूनच आलाय, लाटेत बुडेल. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. कावळे आणि कुत्रे लांब ठेवा, अंगावर टॉवेल टाकून उचला, बूबीची चोच डोळ्यांपासून लांब धरा, भोकं पाडलेल्या खोक्यात कोरड्या कपड्यावर अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या 1926 नंबरवर फोन करा. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, वादळात आपल्याकडे नेट असेलच असं नाही.